तुमची रायफल आणि माझ्या शर्टाचं शेपूट

मुक्काम उत्तर मिशिगन, सरोवराच्या काठी,
हरणांच्या मोसमातला दुसरा मंगळवार, १९७४

प्रिय आर्वोदादा यांस,

गुडघाभर बर्फात उभ्या असलेल्या तौनोचा टोपी काढून (आणि लगेच परत घालून) नमस्कार. फ्लोरिडात तुमचे गुडघे आता वाकतात, हे वाचून आनंद झाला. मी दिलेल्या होडीबद्दल तुम्ही एक अक्षर लिहीत नाही, त्याअर्थी ती तरंगत असावी. इकडे सर्व क्षेम. तुमच्या बहिणीची, सायमाची तब्येत जवळजवळ तुम्ही पाहून गेलात तशीच आहे. अर्धांगाच्या झटक्यात गेलेलं बोलणं पूर्ण सुधारलं आहे, म्हणजे माझी आता सुटका नाही. उजवा हात मात्र अजून मांडीवर पाहुण्यासारखा बसून असतो. कॉफीचा कप डाव्या हातात धरून ती म्हणते, "दादाला लिहा, मी ठणठणीत आहे." तसं लिहिलं आहे. शिवणयंत्रावर तिने झाकण घातलं आणि वर जिरेनियमची कुंडी ठेवली, त्याबद्दल लिहू नका म्हणाली. तेही लिहिलं आहे.

आता मुख्य विषय. तो तुम्ही ओळखला असेलच, कारण तुम्हीच तो माझ्या गळ्यात मारलात. होडीच्या बदल्यात तुम्ही दिलेली रायफल. देताना तुम्ही म्हणाला होतात की हिच्यासारखी गुणी बाई नाही, एकदा चाप ओढावा, गोळी जाते, रिकामी पुंगळी आपली आपण बाहेर पडते, नवं काडतूस आपलं आपण आत येऊन बसतं, माणसाने फक्त हरीण बघायचं. हे सगळं हिलाच कुणीतरी वाचून दाखवायला हवं.

मोसमाच्या पहिल्याच सकाळी, मी बर्चच्या त्या वाकड्या झाडाखाली बसलो असताना (तुम्ही जिथे दरवर्षी डुलक्या घ्यायचात तेच) एक शिंगाळं हरीण समोर येऊन उभं राहिलं. शिंगं अशी, की कॅम्पातल्या आपल्या ओन्नीने त्यांवर आपले सगळे मोजे वाळत घातले असते. पहिली गोळी मी झाडाला मारली. ते मी नाकारत नाही, थंडीत कुणाचाही हात हलतो. दुसरी मी त्यालाच मारणार होतो. चाप ओढला तर काही नाही. बघतो तर तुमची गुणी बाई तोंड उघडं टाकून बसलेली, रिकामी पुंगळी दारात अडकलेली, अर्धी आत अर्धी बाहेर. मी तिला आत ढकलू की बाहेर ओढू, या विचारात असताना हरणाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ते चालत गेलं. पळालंसुद्धा नाही दादा, चालत गेलं. ते जास्त लागलं.

शिकारीच्या कॅम्पवर परत आलो तर ओन्नी कात्री घेऊन दारात. बार त्याने ऐकला होता, हरीण दिसत नव्हतं. आपला कायदा तुम्हाला मी काय सांगणार, ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा घोळ, म्हणजे शेपूट, कापून भिंतीला खिळायचं. तुमची तीन शेपटं अजून चुलीच्या वर आहेत, एकाला धुराने मस्त रंग चढलाय. माझं काही म्हणणं नव्हतं, पण अंगावर होता तो लाल-हिरव्या चौकड्यांचा. सायमाने शिवलेला शेवटचा. त्याची शेवटची गुंडी लावली त्याच आठवड्यात तिचा हात गेला. मी दोन्ही हातांनी मागून शर्ट धरून भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि म्हणालो की चूक माझी नाही, रायफलीची. दुसरी गोळी हमखास लागली असती. ओन्नी म्हणाला, "मग जा, त्या हरणाला विचारून ये." तरी माणूस न्यायी. बटाटा-मांस भरलेली पास्टी खाता खाता त्याने विचार केला आणि निकाल दिला: रायफलीत दोष आहे हे सिद्ध झालं, तर शेपूट रायफल देणाऱ्याचं. नाही झालं, तर माझं. कॅम्पचे वडीलधारे म्हणून तुमचं उत्तर येईपर्यंत कात्री खुंटीवर.

तेव्हापासून मी तपासावर आहे. खरं सांगायचं तर शर्ट राहिला बाजूला, मला त्या यंत्राचंच वेड लागलं. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरून मी ती पूर्ण खोलली. (एक बारीक खिळी उडून सायमाच्या वेलदोड्याच्या पावात गेली. सापडली, पण त्यासाठी पाव संपवावा लागला.) आत काय असावं? तुमचं तेल. सुकून त्याचा मुरंबा झालेला. मला वाटलं, झालं, सापडलं! सगळं रॉकेलने धुतलं, पुसलं, तेलाचा नुसता वास दिला, गोठ्यामागच्या वाळूच्या टेकाडावर जाऊन बार काढला. पुंगळी दारात.

मग वाटलं स्प्रिंग म्हातारी झाली असेल. ओन्नीच्या चुलत्याकडे अशीच एक मोडकी रायफल होती, तिची स्प्रिंग काढून हिला घातली. पुंगळी दारात. काडतुसं बदलली. पुंगळी दारात. काडतूस बसतं ती जागा घासून आरशासारखी केली, आत माझं नाक दिसायला लागलं. पुंगळी दारात. तोवर मला झोपेतही तो आवाज यायला लागला होता, एक बार आणि मग घशात अडकल्यासारखं काहीतरी. सायमा खिडकीशी बसून सगळं बघत होती. मी शिव्या फिनिशमध्ये देतो की इंग्रजीत, यावरून तिला रोग किती जुना आहे ते कळतं म्हणे.

आता खरी गंमत ऐका. शेवटी मी ओन्नीला बोलावलं आणि रायफल त्याच्या हातात दिली. त्याने खांद्याला लावली आणि पाचही गोळ्या सोडल्या. पाचही पुंगळ्या एकीमागून एक बर्फात! मी घेतली, पहिलीच दारात. परत त्याने घेतली, सगळ्या बाहेर. माझ्या हातात आली, दारात. दादा, यंत्र माणूस ओळखतं का हो? मी सगळे विचार करून पाहिले. तो जाडा, मी बारीक. तो दर रविवारी चर्चला जातो, मी सौनाच्या वाफेत घाम गाळायला जातो. तो एक डोळा मिटतो, मी कधी कधी दोन्ही. यातलं पुंगळीला काय कळतं? ओन्नी कात्रीच्या दिशेने बघायला लागला, तेव्हा मी त्याला कॉफी प्यायला आत नेलं.

सबब, इतक्या तपासणीनंतर माझा निष्कर्ष असा की रायफलीत काहीतरी खोल, लबाड, अधूनमधून डोकं वर काढणारा दोष आहे आणि तो तुमच्याकडूनच आला. तो आपण मोठ्या मनाने मान्य करावा. सायमाचा तुम्हाला नमस्कार. उन्हात टोपी घालत जा.

आपला मेव्हणा,
तौनो

ता. क. वरचं पत्र सायमाने वाचलं तरी चालेल असं लिहिलं आहे. हे तिच्यासाठी नाही. काल सौनातून निघालो, अंग तापलेलं, डोक्यात तीच पुंगळी. तसाच नुसत्या बनियनवर रायफल घेऊन टेकाडाकडे गेलो. पाच गोळ्या, पाच पुंगळ्या बाहेर! मी बर्फात नाचलो. थंडी वाजली म्हणून शर्ट चढवला आणि परत बार काढला. दारात. शर्ट काढला, बाहेर. घातला, दारात. मग डोक्यात प्रकाश पडला. तुमच्या या रायफलीची अख्खी नळी बाराच्या धक्क्याने आतल्या आत मागे सरकते आणि तेवढ्याच जोरावर पुंगळी फेकते. त्यासाठी पाठीमागे खांदा घट्ट उभा लागतो. आणि गेल्या वर्षी माझा खांदा निळा झालेला पाहून सायमाने या शर्टाला उजव्या खांद्यात आतून चांगली जाड गादी शिवली आहे. सगळा धक्का ती गादी पिते, यंत्राच्या वाट्याला काही उरतच नाही. रायफल निर्दोष आहे, दादा. पण हे मी ओन्नीला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सायमाच्या कानावर जाईल की तिच्या हातचं शेवटचं शिवण हरीण घालवून बसलं. ते मला सहन होणार नाही. तेव्हा हात जोडून विनंती, दोष रायफलीचाच होता असं ओन्नीला लिहा आणि कापायला तुमचा एखादा शर्ट टपालाने पाठवा.

ता. क. २. पाकीट बंद करायच्या आत हे लिहितोय. तिकीट आणायला निघालो, खुंटीवरून शर्ट घेतला, तर खांदा सपाट. गादी गायब. शोधली तर मांजर तिच्यावर झोपलेलं. सायमा म्हणाली, "अहो, हात गेलाय, कान नाहीत गेले. शर्ट घातला की एक बार आणि शिव्या, काढला की पाच बार आणि गाणं. खांदा निळा झाला तर होऊ दे, पण त्या बर्फात उघडे नाचू नका." टाके तिने दातांनी आणि डाव्या हाताने उसवले. आणि मग दादा, उसवलेली जागा तिने परत शिवली आहे. डाव्या हाताने. बर्फात कोंबडी चालत गेल्यासारखे टाके आहेत, पण पक्के आहेत, मी ओढून पाहिले. मला रडू आलं, सरळ सांगतो. कुंडी आता खिडकीत आहे.

तुमचा शर्ट मात्र पाठवाच. सायमाचा निकाल ओन्नीपेक्षा कडक आहे. ती म्हणते, हिला खांदा घट्ट लागतो हे रायफल देताना दादाने सांगायला हवं होतं, म्हणून शेपूट त्याचंच. शेपूट भिंतीला, उरलेल्या कापडाची ती उशी शिवणार आहे. तिकडचा मोठ्या फुलांचा पाठवा म्हणाली. चौकड्यांवर वाकडा टाका लगेच दिसतो, फुलांवर शिकता येईल.