कैरोला न्यायची सुकेळी

बाबा, मे महिन्यात कैरोला जायचं म्हणते आहे आणि माझं काही म्हणजे काही ठरत नाही. हे दोन वर्षांपासून कुवेतला नोकरीला आहेत. त्यांनी कळवलंय, तू इकडे ये, मग चार दिवस कैरोला जाऊ, तुझ्या वडिलांचं शहर बघू. लिहायला काय जातंय! तुळिंजला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई म्हणतात, वाळवंट आहे, सुती कपडेच न्या. तिकीट काढून देणारे गृहस्थ म्हणतात, रात्री गारठा पडतो, स्वेटर ठेवा. मी दोन्ही पलंगावर काढून ठेवलंय आणि त्या पसाऱ्यात बसून तुम्हाला लिहिते आहे. 'मी कोणते कपडे घालू' असं मेलेल्या माणसाला विचारणारी बाई शहाणी नव्हे, हे मलाही कळतं.

लढाईच्या वर्षांत तुम्ही तिथल्या छावणीत भाजीच्या कोठारावर होतात. छावणीला भाजी पुरवणारा तिथला माळी तुमचा दोस्त झाला. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण पाला हातात घेतला की दोघांचं जमायचं. तुम्हाला ताप आला तेव्हा तो दोन्ही वेळा गरम सूप घेऊन दवाखान्यात यायचा. पुढच्या खेपेला तुझ्यासाठी सुकेळी आणीन, असं तुम्ही त्याला खुणांनी सांगितलंत. आमच्या राजेळी केळ्यांना वाळवून काय चव येते ते खुणांनी कसं सांगितलंत, देव जाणे. त्याच्या घराची वाट मात्र मला शंभरदा सांगितलीत: "मोठ्या पुलावरनं उतरलं का वारा तोंडावर घ्यायचा, दुसरा पाट ओलांडायचा, केळींची रांग सरली का डावीकडं." शहराचा पत्ता असा असतो का हो? गिरीजच्या आपल्या वाडीत ठीक आहे, रांगा मोजत गेलं की विहीर सापडते. हे लिहितात, तिथे हजार वर्षांच्या मशिदी, त्यांना टेकून चहाची दुकानं आणि सगळीकडे नुसते भोंगे. साधा रस्ता ओलांडायला घाम फुटतो म्हणे. तुमचा पाट कधीच बुजला असेल. इथे तुळिंजला विहिरी बुजवून इमारती उभ्या राहताहेत, तिथे कोण ठेवतंय?

खरा पत्ता आहे, बाबा. त्याचं ते एकच पत्र, कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेलं, मी जपून ठेवलंय. आई जाऊन वर्ष झालं होतं, मी एकोणीस वर्षांची. आपण दोघं अंगणातल्या मांडवावर सोललेली केळी उलटतो आहोत. दाबू नकोस, वाळल्यावर वातड होतात, म्हणून तुम्ही नुकतेच माझ्यावर ओरडला आहात. पोस्टमन येतो. परदेशी तिकीट बघून तुम्ही एकदम उठता, पण पत्राला हात लावत नाही.

"माजं हात चिकट झालेत. तूच उघड. काय लिवलंय?"

"बरे आहेत म्हणतात. मुलाचं लग्न झालं. सगळ्यांना नमस्कार सांगितलाय."

"आन् डोळ्यांचं? तवाच त्याला उन्हात दिसत नव्हतं."

"डोळ्यांचं काही नाही."

"परत वाच बघू."

मी परत वाचलं. तुम्ही हसलात आणि पुन्हा केळी उलटायला लागलात. त्या वर्षीची सगळ्यात चांगली सुकेळी तुम्ही बांधून त्याला पाठवलीत, पोचल्याचं उत्तर काही आलं नाही. पुढच्या दोन वर्षांत तुम्हीच गेलात.

आता ते पत्र हॉटेलात दाखवलं की कुणीही दारापर्यंत नेऊन सोडेल, असं हे म्हणतात. पण दार उघडल्यावर काय बोलू? तो नसेल तर सुकेळी कुणाच्या हातात देऊ? आणि असलाच, तर माझा दोस्त का आला नाही, हे तो विचारणारच. नको जायला, असं ठरवून मी स्वेटर कपाटात ठेवते आणि दहा मिनिटांनी पुन्हा बाहेर काढते. चुलतभावाला मात्र वाडीवर निरोप धाडलाय, या खेपेची थोडी राजेळी मऊच ठेव, जास्त वाळवू नकोस. म्हाताऱ्याला आता दात नसतील.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्याच्या त्या पत्रात डोळ्यांचं होतं, बाबा. दोन ओळी होत्या. एक डोळा गेला, दुसराही जातोय, तो आहे तोवर एकदा येऊन तोंड दाखवून जा. तुम्ही कैरोला निघून गेला असतात. त्या शहराचं नाव काढलं की तुमचा चेहराच बदलायचा, आणि घरात मी एकटी उरले असते. म्हणून मी त्या ओळी गाळल्या. तुम्ही परत वाचायला सांगितलंत, तेव्हाही गाळल्या.