स्मिथ म्हणजे लोहाराचा मुलगा

मी, फिन्टन स्मिथ, पूर्वीचा फिन्टन मॅकगावन, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त बसचालक, राहणार स्पार्कहिल, बर्मिंगहॅम, लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. माझी मुलगी ऊना हिला हे मान्य नाही, पण डॉक्टरांना आहे. कोणाच्याही भरीला न पडता माझ्या पश्चात काय व्हावे ते खाली सांगतो. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझे राहते घर एकुलती मुलगी ऊना हिला द्यावे. मात्र बागेकडची मागची खोली माझे थोरले बंधू मॅलकी मॅकगावन यांना हयातभर राहण्यास असावी. त्यांना तिथून कोणी उठवू नये, आणि त्यांचा रेडिओ मोठ्याने लागतो अशी तक्रारही करू नये.

सख्ख्या भावांची आडनावे दोन कशी, असे वकील विचारतील. म्हणून खुलासा करतो.

आमचे मूळ आडनाव आयरिश भाषेतले, मॅक अन गौन. अर्थ, लोहाराचा मुलगा. इंग्रजी लिहिणाऱ्यांनी कुठे आवाज ऐकून मॅकगावन लिहिले, कुठे अर्थ पाहून स्मिथ. आयर्लंडात आमच्या कॅव्हन परगण्यात स्मिथांचा सुकाळ आहे, पण आमच्या घरात मॅकगावन टिकले. माहीत असलेल्या चार पिढ्यांत कोणी घोड्याला नालसुद्धा ठोकलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरात या शहरातल्या पबमध्ये आयरिश बंडखोरांचे बॉम्ब फुटले आणि माणसे मेली. दुसऱ्या दिवसापासून आयरिश आडनाव म्हणजे गुन्हा झाला. डेपोच्या कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसेना. ते मी सोसले असते. पण सात वर्षांची ऊना शाळेतून आली ती कोटाची बाही फाटलेली, कपाळाला खोक पडलेली. हजेरीत नाव पुकारले की मुले तिला ‘बॉम्बवाली’ म्हणत. मी वकिलाकडे जाऊन रीतसर स्मिथ झालो. जानेवारीत ती नव्या शाळेत गेली आणि संध्याकाळी गाणे म्हणत घरी आली. मला त्याचा पस्तावा नाही.

मॅलकी दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

“बापाचं नाव विकलंस. काय मिळालं रे?”

“पोर रात्रीची झोपते,” मी म्हणालो.

“मग झोपा सुखानं, मिस्टर स्मिथ.”

त्याच हिवाळ्यात त्याला बांधकामावर दोनदा मारले. एक कान कायमचा गेला. त्याने नाव सोडले नाही. रेडिओ मोठा लागतो तो त्यामुळे.

आई शहाऐंशी साली कॅव्हनला वारली. शवपेटी उचलायची वेळ आली तेव्हा मॅलकी म्हणाला, “मॅकगावन असतील तेवढे पुढे या.” मी मागेच थांबलो. आईची कबर खणणारे शेजारचे यूजीन स्मिथकाका फावड्यावर रेलून म्हणाले, “अरे मॅलकी, मग मी कोण? लंडनचा लॉर्ड? तुझा बाप मला चुलतभाऊ म्हणायचा.” कोणीतरी हसले. मॅलकीने सरकून मला खांद्याला जागा करून दिली. पण बोलला नाही. पुढे तीस वर्षे एकाच शहरात राहून बोलला नाही.

मग तो जिन्यावरून पडला. चर्चमध्ये कळले म्हणून मी इस्पितळात गेलो. नर्स म्हणाली, “नातं काय तुमचं? आडनाव जुळत नाही. सावत्र का?” पडद्याआडून आवाज आला, “सख्खा आहे तो. एकाच लोहाराची पोरं आम्ही. सोडा त्याला आत.”

तिथून मी त्याला घरी आणले.

२. माझी हत्यारांची पेटी आणि भाजीच्या वाफ्यावरील खोपटे माझे मित्र लॉईड बेकफर्ड यांना द्यावे. त्या नोव्हेंबरात कँटीनमध्ये माझ्या समोर येऊन बसणारे ते एकटेच. जमैकाचे. मी नाव बदलतो आहे असे सांगितल्यावर म्हणाले, “बदल की. तुझं निदान तुझ्या बापजाद्यांचं होतं. माझं माझ्या गुलाम पणज्याच्या मालकाचं आहे.”

३. जे गृहस्थ त्या नोव्हेंबरात माझ्या चहात थुंकले त्यांना काही नाही. इथे त्यांचे नावही नाही.

४. कबरस्तानात भिंतीलगत शेजारी शेजारी दोन जागा मी घेऊन ठेवल्या आहेत. माझी पत्नी फिलोमिना हिने माहेरी, आयर्लंडातल्या मेयोत, आईजवळ विसावा मागितला आणि तो तिला मिळाला. म्हणून दुसरी जागा मॅलकीला देतो. दगड एकच असावा. वर आयरिशमध्ये मॅक अन गौन, खाली ज्याचे त्याचे नाव, जसे तो वापरत होता तसे. ऊना म्हणाली, “बाबा, इथं ते वाचता कोणाला येणार?” ज्याला येणार नाही त्याने विचारावे.

हे कलम मी काल मॅलकीला, त्याच्या चांगल्या कानाशी बसून, वाचून दाखवले. तो म्हणाला, “भिंतीकडची बाजू माझी. तू झोपेत लाथा मारतोस.”

सबब, भिंतीकडची जागा त्यांची.

सही: फिन्टन स्मिथ

आम्हा दोघांच्या देखत, शुद्धीत सही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळायचे नाही.
साक्षीदार: हरभजन कौर संघेरा, शेजारीण
साक्षीदार: डेरिक पार्जेटर, निवृत्त पोस्टमन

स्पार्कहिल, बर्मिंगहॅम. ११ मार्च २०१९