टायर दिसतात, पिनियन दिसत नाही

अनगोळ, रविवार संध्याकाळ, मे १९८४

कणकुंबीच्या चढावर आमची जुनी पिकअप अडली आणि जिच्याशी माझं लग्न जमत होतं त्या सुनंदाचे आप्पा खाली उतरले, तिथंच माझं सगळं फिरलं. देवीला नेतो म्हणून मीच त्यांना बसवलं होतं. पोरगा कामाचा आहे, एवढं त्यांना पटावं म्हणून. तर म्हणाले, "कालेज अर्ध्यात सोडलंस, आता आम्हांस्नी बी अर्ध्यातच सोडतोस व्हय रं?" सुनंदा खाली मान घालून चालत वर गेली. एकदा तरी मागं बघायचं.

थोरल्या अण्णाला मी कितींदा सांगितलं, मोठे टायर घालायचे तर मागच्या एक्सलमधली क्राउन-पिनियनची दातेरी चाकंही जास्त ओढीची घाल, नाहीतर चढाला इंजिन दम सोडणार. तर हा म्हणतो, "टायर लोकांना दिसत्यात रं. पिनियन कोण वाकून बघतंय?" आत्ता जेवतानाही हसला. माझं जमता जमता मोडलं आणि हा हसतो! ती मान खाली... लाज कुणाची वाटली तिला, माझी?

परसातले जुने टायर परत चढवतो म्हटलं, तर म्हणे, "माझ्या गाडीला हात लावलास तर घरात येऊ नगंस."

न्हाय येत, जा. टायर बदलायला पाना घेऊन निघालोच. जाताना दार असं आपटणार, की अण्णा ताटावरनं उठला पाहिजे.