दाराबाहेरची मेट्रन

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम सलाम वि. वि.

भिंगरी तुझ्याकडे पोचली हे तुझ्या दोन ओळींच्या कार्डावरून कळलं. दोन ओळी! माझी एकुलती एक मुलगी सातव्या महिन्यात, लग्नावाचून, एक बॅग घेऊन मामाच्या दारात उभी राहते, आणि मामा लिहितो की पोचली, काळजी नसावी. अरे, काळजी काय विजेचा दिवा आहे, बटण दाबलं की बंद व्हायला?

तर आता नीट वाच, आणि वाचून झालं की हा कागद तुझ्या बायकोच्या हाती दे. तुझ्याकडे राहिला तर बाइंडिंगच्या टेबलावर खळीच्या भांड्याखाली जाईल. लोहाची गोळी जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही. जिना दिवसातून दोनदाच. झोपायचं डाव्या कुशीवर. दर सोमवारी वजन करून मला कळवायचं. तिथल्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंना मी परस्पर पत्र टाकलं आहे. बत्तीस वर्षं बाळंतिणींचा वॉर्ड सांभाळलेल्या मेट्रनचं त्या ऐकतील. शेवटच्या महिन्यात मी स्वतः येऊन सगळं हातात घेईन.

आणि त्या माणसाबद्दल काय ते तिच्याकडून काढून घे. तो लग्नाला तयार होता आणि हिनेच नको म्हटलं, एवढंच मला सांगितलं आहे. तयार होता आणि हिने नको म्हटलं! मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरते आणि हेच वाक्य उलटसुलट करते. काल धुतलेल्या चादरी आज परत धुतल्या.

बाकी सगळं मी प्रभूच्या हाती सोपवलं आहे. शुक्रवारी महिलांच्या प्रार्थनेत डबीत चिठ्ठीही टाकली. नाव अर्थातच घातलं नाही.

माझ्यावरचा लोभ आहे तसाच ठेव, फक्त पत्राची लांबी वाढव.

तुझी ताई


ता. ११ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सादर सलाम वि. वि.

लांबी वाढवतो आहे, मोजून घे.

भिंगरी बरी आहे. पायाला भिंगरी म्हणून लहानपणी जिचं नाव ठेवलं, ती आता एका जागी बसून माझी जुजबंदी करते, पुस्तकांच्या घड्या दोऱ्याने शिवते. नकाशे काढणारा हात आहे, दोऱ्याचा टाका एका रेषेत पडतो. चाळीस वर्षं सुई धरून माझा टाका अजून तिरका जातो, हे तुझी भावजय दिवसातून एकदा तरी ऐकवते. जेवते, झोपते, मध्येच गप्प होते. गप्प झाली की आम्ही तिला काही विचारत नाही. त्या माणसाबद्दल मी काही काढून घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. आपण होऊन सांगेल तेव्हा ऐकेन.

तुझी यादी मिळाली. भावजयीने ती भिंतीला लावली आणि खाली लिहिलं, उंटावरून शेळ्या. राग मानू नकोस, पण ताई, प्रभूच्या हाती सोपवलं म्हणतेस आणि दोरी तर तुझ्याच मुठीत दिसते. त्याने ओढायची कशी?

आता गंभीर बोलतो. परवा टपालाने भिंगरीच्या नावाने तीन पत्रं आली, काल आणखी चार. सगळी तुझ्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची. एकीने पश्चात्तापावरची वचनं काढून पाठवली आहेत, एकीने झबल्याच्या विणकामाचा नमुना, आणि एकीने मूल कुठे द्यायचं झालं तर त्या संस्थेचा पत्ता. आमचा पत्ता त्यांना कुठून मिळाला, हा प्रश्नच नाही. तुमची गीतांची पुस्तकं मीच बांधली, प्रत्येकाच्या पुठ्ठ्याच्या आत माझा शिक्का आहे. पण बाकीचं त्यांना कळलं कसं? भिंगरीने सातही पत्रं ओळीने टेबलावर मांडली आणि मला एवढंच विचारलं, की आईने काय केलं. उत्तर तूच दे.

कडू लिहिलं तरी माया कडू झालेली नाही, हे ओळखून असावंस.

तुझा धाकटा


ता. १६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

मी नाव लिहिलं नव्हतं. हे आधी लक्षात घे.

तुला आमची पद्धत ठाऊक आहे. आपापली अडचण चिठ्ठीवर लिहून डबीत टाकायची, पाळकांच्या मिसेस एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचतात आणि सगळ्याजणी मिळून प्रार्थना करतात. मी लिहिलं, एका वाट चुकलेल्या मुलीसाठी. तेवढ्यावर थांबले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण हात सवयीचा. वय सव्वीस, नोकरी नकाशा कचेरीत, महिना सातवा, अविवाहित, पुरुष लग्नास राजी असून मुलीचा नकार, सध्या मुक्काम मामाकडे. मिसेस वाचत गेल्या आणि मला माझ्याच अक्षराची लाज वाटायला लागली. संपलं तेव्हा चौदा बायका खाली बघत होत्या, म्हणजे चौदाजणींना कळलं होतं. झाकली मूठ मीच उघडून सर्वांपुढे धरली.

करायला गेले काय अन् झालं काय. हेतू चांगला होता रे. सगळ्या मिळून मागतील तर प्रभू लवकर ऐकेल असं वाटलं. आणि त्या विणकामवालीला काय म्हणावं? माझ्यासमोर डोळ्याला पदर लावते आणि घरी जाऊन पत्ता शोधते!

हे पत्राने सुधारणारं नाही. मी मंगळवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. समोरासमोर बसून तिला समजावते. पुढच्या गोष्टीही ठरवायला हव्यात, बाळाचं नाव कुणाचं लावायचं, मंडळीत काय सांगायचं. तिला आत्ताच काही बोलू नकोस.

तुझी माया मला या वेळी फार लागणार आहे, हात आखडू नकोस.

तुझी ताई


ता. १९ फेब्रुवारी

ती. आईस,
सादर सलाम.

मामाने तुझं पत्र मला वाचायला दिलं. तू सांगू नकोस म्हणाली होतीस, पण त्याच्या पोटात काही राहत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त वर्षं ठाऊक आहे.

मंगळवारी येऊ नकोस. तिकीट परत कर.

रागाच्या भरात लिहीत नाही. राग तीन दिवस होता, आता नुसतं थकल्यासारखं वाटतं. तू माझ्यासाठी प्रार्थना केलीस की माझा केसपेपर वाचायला दिलास, एवढंच एकदा स्वतःला विचार. त्या बायकांचं मला फारसं वाईट वाटत नाही. त्यांच्यापैकी एकीनेही मला चुकलेली हा शब्द लिहिलेला नाही. तो तुझ्या चिठ्ठीतला आहे.

तो लग्नाला तयार होता, हे खरं. तयार कसा होता हे मी तुला सांगितलं नाही. तो मला म्हणाला, मी जबाबदारी टाळणारा नाही, तुला पदरात घेतो. त्याच्या चेहऱ्यावर उपकाराचा भाव होता, आई. तो आयुष्यभर गेला नसता. रोज सकाळी उठून कुणाची तरी क्षमा घेत जगायचं माझ्याने झालं नसतं. चूक माझी असेल, ती मी देवाजवळ बोलले आहे. तुझ्याजवळ नाही बोलले, कारण तू ऐकताऐकता उपाय लिहायला घेतेस.

मला भीती वाटते. पहिलंच आहे. तू हवी आहेस, हेही खरं आहे. पण मेट्रन नको. आत येशील आणि पाच मिनिटांत डॉक्टरीणबाईंसकट सगळ्यांना कामाला लावशील, आणि मी पुन्हा एक पेशंट होईन. मी बोलवीन तेव्हा ये. नाही बोलावलं तरी माझं प्रेम आटलं असं समजू नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. ६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम सलाम वि. वि.

तिकीट परत केलं. हे लिहायला मला दोन आठवडे लागले.

पहिले काही दिवस मी तिचं पत्र पाठ होईपर्यंत वाचलं आणि प्रत्येक वाक्याला मनात उत्तर दिलं. मीच बरोबर निघाले. मग एके दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालताना एक जुनी गोष्ट आठवली आणि हातातला पिळा तसाच राहिला. आमच्या वॉर्डात लग्न न झालेल्या मुली यायच्या. मी त्यांना कधी वाकडा शब्द बोलले नाही. औषध वेळेवर, जेवण वेळेवर. या गोष्टीचा मला अभिमान होता, दोनदा मंडळीत साक्ष देतानाही सांगितली आहे. पण मी त्यांची खाट टोकाला, पडद्यामागे लावत असे. बत्तीस वर्षं. त्यांनाच बरं वाटेल, असं म्हणायची. एकीलाही विचारलं नाही की बाई, तुला कुठे बरं वाटेल. एकीच्याही उशाशी बसले नाही. धाकट्या, मला न्यायनिवाडा करायला बोलावंही लागत नव्हतं. नुसती खाट सरकवली की झालं.

गेल्या शुक्रवारी प्रार्थनेला गेले. डबीत काही टाकलं नाही, उभी राहिले. सगळ्यांना सांगितलं की त्या दिवशी मी मुलीची गोष्ट प्रार्थनेच्या नावाखाली चव्हाट्यावर आणली, आणि ज्याच्यासाठी प्रार्थना मागायला हवी होती तो माझा स्वभाव होता. पाळकांच्या मिसेसनी चष्मा पुसला. मग ती विणकामवाली उठली, माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि तासभर माझा हात धरून ठेवला. मी तिच्याबद्दल काय काय बोलले होते! तिच्या हाताला लोकरीचा वास येत होता.

घरी आले तरी चैन नाहीच. सोपवलं म्हणून माणूस शांत होतो असं मी किती जणींना सांगितलं असेल; मला तर सोपवून झाल्यावर जास्त धास्ती वाटते. सकाळी म्हणते, प्रभू, ती तुझी आहे. चहा होईपर्यंत परत मागून घेते. मग परत देते. सोमवार आला की वजन किती असेल हा किडा डोक्यात वळवळतो. तू कळवू नकोस. कळवलंस तर वाचेन, पण कळवू नकोस.

डॉक्टरीणबाईंना दुसरं पत्र टाकलं, की पहिलं फाडून टाका.

भिंगरीला काही सांग असं म्हणत नाही. तुला वाटेल ते सांग. तुझ्यापाशी मला मेट्रन व्हावं लागत नाही, ही माया जप.

तुझी ताई


ता. २६ मार्च

प्रिय ताईस,
सादर सलाम वि. वि.

घाईत आहे, बॅग भरतो आहे. इथून चार तासांवरच्या एका कचेरीतली जुनी दप्तरं बांधायचं काम मिळालं. ती दप्तरं बाहेर न्यायला परवानगी नाही, म्हणून खळ, सुया, दाबयंत्र सगळं घेऊन मलाच तिकडे जावं लागतंय. पंधरा दिवस तरी मोडतील. नेमक्या याच वेळी.

तुझं मागचं पत्र मी भिंगरीला दिलं. पोटात राहत नाही, काय करू. तिने ते वाचलं, घडी केली, पुन्हा वाचलं. आज सकाळी सुईत दोरा ओवताना म्हणाली की आईला ये म्हणावं. पण अट आहे. दवाखान्यात तू कोण ते कुणाला सांगायचं नाही आणि तिने बोलावल्याशिवाय आत यायचं नाही. बाहेर बाकडं आहे, तिथे बसायचं. मी म्हटलं, हे तुझ्या आईला जमेल असं वाटत नाही. ती म्हणाली, मलाही वाटत नाही, तरी बोलाव.

म्हणजे तुझ्यावर आम्हा दोघांचाही विश्वास नाही आणि तरी तू हवी आहेस. यापेक्षा मोठा लोभ कुठून आणू?

तुझा धाकटा


ता. ९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम सलाम वि. वि.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. हे आधी लिहिलं, नाहीतर तू शेवटची ओळ आधी वाचशील.

काल सकाळी आठला भिंगरीला आत नेलं. तुझी बायको तिच्याबरोबर आत गेली आणि मी बाकड्यावर. लाकडी बाकडं, एक पाय आखूड, हललं की डुगडुगतं. समोर दार, दाराला काचेची चौकट. मी काचेकडे पाठ करून बसले. मग लक्षात आलं की पाठ केली तरी कान उघडेच आहेत.

तुला काय सांगू. त्या आवाजांवरून आत काय चाललंय ते मला सगळं कळत होतं. दहापर्यंत ठीक होतं. मग कळांची गती मंदावली. साडेअकराला एक शिकाऊ नर्स धावत बाहेर आली, कळा वाढवायची सलाईनची बाटली घेऊन आत गेली, आणि ती जे घेऊन गेली ते मी आणखी तासभर नेलं नसतं. मी उठले. दाराच्या कडीला हात लावला. नुसतं ढकलायचं होतं, आणि मी कोण ते एका वाक्यात सांगायचं होतं. माझी लेक आत माझ्या नावाने ओरडत नव्हती, देवाच्या नावाने ओरडत होती. मी हात काढला. परत येऊन बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मोठ्याने म्हणाले, प्रभू, ड्यूटी तुझी आहे, मी सुटले. शेजारचा एक बाप्या दचकून माझ्याकडे बघायला लागला. सुटले म्हटलं खरं, पण सुटका कसली. दर पाच मिनिटांनी तेच वाक्य नव्याने म्हणावं लागत होतं. दोनदा चुकून उठले, दोनदा बसले.

एकच्या सुमाराला तीच शिकाऊ नर्स बाहेर आली. पोर विशीतली, टोपी वाकडी. माझा चेहरा बघून थबकली. शेजारी बसली आणि विचारलं, की आजी, घाबरलात का, आत काय चाललंय ते तुम्हाला काही कळतं का. मी म्हणाले, नाही गं, तूच सांग. तिने मला पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं. दोन ठिकाणी चुकलं तिचं. मी मान डोलावून सगळं ऐकून घेतलं. माझ्या वॉर्डाबाहेर बसलेल्या कुठल्याही आईशी मी असं बोलले नव्हते.

दोनला रडण्याचा आवाज आला. तरी मी उठले नाही, कारण बोलावलं नव्हतं. वीस मिनिटं गेली. मग तुझी बायको दारात आली आणि म्हणाली की भिंगरी आई म्हणून हाक मारते आहे, तुम्हाला ऐकू येत नाही का. खरंच आलं नव्हतं. मी रडत होते.

आत गेले. भिंगरीने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, जणू माझ्या तोंडावर काही शोधत होती. मग बाळ माझ्या हातात दिलं. कापडात गुंडाळलेलं होतं. मी ते सोडलं नाही, नाळेकडे बघितलं नाही, कुणाला काही विचारलं नाही, नुसतं धरून उभी राहिले. तेव्हा माझी लेक हसली आणि म्हणाली, की आई, आता बघ, हातापायाची बोटं मोजून घे, तुला राहवत नाही ते मला माहीत आहे.

मी कापड सोडलं आणि मोजायला लागले. सहाच्या पुढे मला जाता आलं नाही. दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली.

तिथलं काम आटोपलं की लगेच निघ. तुझ्यासाठी ठेवलेली माया आता तिघांत वाटली जाते आहे, उशीर केलास तर वाटा कमी पडेल.

तुझी ताई