जेवून आलेलं रक्त

प्रिय शंकाबाई,

सरांनी हे नाव तुला चिडवायला ठेवलं होतं, पण माझ्या तोंडी तेच बसलंय. सहा वर्षांत एक ओळ पाठवली नाही आणि आज एकदम हाताने लिहिलेलं पत्र. फोन करायचा धीर झाला नाही. तू नुसतं ‘हं, बोल’ म्हणाली असतीस आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला असता.

आपल्या प्रयोगशाळेचं आता मोठं प्रस्थ झालंय. तळघर मात्र तेच. खिडकी नाही, रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजची घरघर दिवसभर कानात. सर सभांमधून अजून तेच सांगतात: प्रत्येक पेशी अतिशय बारीक पिशव्या बाहेर टाकते, त्या रक्तात तरंगतात, आणि त्या नीट वाचता आल्या तर स्वादुपिंडाचा कर्करोग गाठ दिसण्याआधी कळेल. तू त्यांना पुड्या म्हणायचीस. ‘सर पुड्या मोजतात की सोडतात?’ असं तू विचारलंस, तेव्हा हसता हसता माझा चहा सांडला होता. इतकं हसल्याला बरेच दिवस झाले.

माझं छान चाललंय, असं सगळे म्हणतात. उपप्रमुख झालेय, हाताखाली अकरा जण आहेत. थोरली माझ्या खांद्याला लागली. सकाळी खोलीत शिरले की दार मागे आपोआप लागतं आणि मी कितीतरी वेळ पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी असते. बसलं की दिवस सुरू होतो ना, म्हणून.

ती बैठक तुला आठवत असेलच. तू म्हणालीस, ‘रुग्णांचं रक्त आपण सकाळी उपाशीपोटी घेतलं. निरोगी म्हणून आपल्याच लोकांचं घेतलं, तेही दुपारी, जेवण झाल्यावर. जेवल्यावर रक्तात चरबीचे कण वाढतात, ते पुड्यांएवढेच असतात आणि यंत्र दोन्ही एकत्रच मोजतं. ज्याचा आकडा कमी तो आजारी, असं आपण म्हणतोय. आपण आजार ओळखत नाही, जेवण ओळखतोय.’ सर माझ्याकडे वळले. ‘तू हे तपासलंयस ना?’ मी म्हटलं, ‘हो. काही फरक पडत नाही.’ नंतर जिन्यात तू माझा हात धरून म्हणालीस, ‘माझंच चुकलं असेल गं.’ दोन महिन्यांनी तू नोकरी सोडलीस.

मी खरंच तपासलं होतं. बैठकीच्या चार दिवस आधी, कुणाला न सांगता. आपल्यातल्या पाच जणांचं रक्त सकाळी उपाशीपोटी घेतलं, सरावासाठी हवंय असं सांगून. त्यात तूही होतीस. पाचातले चौघे यंत्राच्या लेखी आजारी निघाले. तू आणि मीसुद्धा. नळ्या मी स्वतःच्या हाताने टाकून दिल्या. सरांचा लेख तेव्हा छापायला गेला होता आणि माझी नेमणूक कायम व्हायची होती. वाटलं, पुढच्या टप्प्यात चूक आपोआप निघेल. निघाली नाही. पुढच्यांनी आमचीच पद्धत गिरवली.

गेल्या वर्षापासून वरच्या रुग्णालयात ही तपासणी वापरतात. आकडा कमी आला तर लगेच स्कॅन, नाहीतर वर्षाने या. एक शिवणकाम करणारी बाई पोटदुखी घेऊन आली. रांगेत तिला चक्कर आली म्हणून नर्सने दूध-पाव दिला आणि मग रक्त घेतलं. आम्ही कळवलं, काळजीचं कारण नाही. ती आभार मानायला तळघरात उतरली होती. माझ्या बाहीचं बटण लोंबताना पाहून तिने पर्समधली सुई काढली आणि उभ्या उभ्या शिवून दिलं. आठ महिन्यांनी, म्हणजे या सोमवारी, ती वॉर्डात असल्याचं कळलं आणि मी वर गेले. आता शस्त्रक्रियेचाही उपयोग नाही. मला म्हणते, ‘तुम्ही कशाला तोंड पाडता, बाई? तुमचा काय दोष?’ मी तिची चादर सारखी केली आणि खाली आले.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘एका बाईपायी इतक्यांच्या पोटावर पाय देणार आहेस?’ घरी नवरा म्हणाला, ‘झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे.’ दोघेही मायेने बोलले, ओरडले असते तर बरं झालं असतं.

उद्या अकरा वाजता समितीची बैठक आहे. ही तपासणी आणखी तीन रुग्णालयांत न्यायची, असं ठरणार आहे. मी बोलायचं ठरवलंय. पण मी स्वतःला ओळखते. त्या बैठकीतही ठरवून गेले होते, सोमवारीही वॉर्डात ठरवूनच शिरले होते. म्हणून हे पत्र. यात सगळं माझ्या अक्षरात आहे, आणि त्या पाच नळ्यांचे आकडे सोबत जोडलेत, त्यांच्याखाली माझी सही आणि तारीख आहे. तेवढा कागद मला फाडवला नव्हता. सकाळी कामावर जाताना हे पेटीत टाकीन, म्हणजे बैठकीत शिरताना ते माझ्या हातात नसेल. तुला मिळेल तेव्हा मी बोलले की नाही ते प्रयोगशाळेत कुणालाही विचारलंस तरी कळेल. बोलले नसेन, तर मला फोन करू नकोस, माझी बाजू ऐकून घेऊ नकोस. मी रडेन, आणि तू विरघळशील. सरळ हे समितीपुढे नेऊन ठेव.

तुझीच,
शेजारच्या टेबलावरची