लाल दोऱ्याची किल्ली

४ फेब्रुवारी

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे गेले तेव्हा तुम्ही आलात, पण घोटभर चहाही न घेता परतलात, ते मनाला लागून राहिलं.

दुकान अजून बंदच आहे. बातमी आली तेव्हा पाटी मीच उतरवली होती. घरफोड्यांची बातमी सांगताना टीव्हीवाल्यांना कुणीतरी किल्लीवाला दाखवायचा होता. दाखवलं यांचं दुकान, यांचे हात. दिवसभर तेच, आणि वर ‘किल्लीवाल्यांची टोळी’. चोर सापडले ते भलतेच निघाले, पण ते पडद्याखाली एका ओळीत सरकून गेलं. आपलं दुकान पुन्हा दाखवून हा माणूस तो नव्हे असं सांगतील, म्हणून हे कितीतरी संध्याकाळी टीव्हीसमोर बसून राहिले.

नातेवाइकांच्या घरांच्या जोडकिल्ल्या यांच्याकडे एका जुडग्यात असायच्या, ठाऊक आहेच. बातमीनंतर एकेकाने आपापली मागून नेली. तुमची तेवढी राहिली. धाकट्याने नाही मागितली, असं हे येईल त्याला सांगायचे.

तीच पाठवते आहे, लाल दोऱ्याची. विसरभोळे तुम्ही, सगळ्यांत जास्त वेळा तीच कापावी लागली. मागे संत्री घेऊन तुमच्याकडे आले तेव्हाही घरी कोणी नव्हतं म्हणे, आणि दिवा मात्र चालू. धाकटा दिवा विसरून गेला, म्हणत होते. किल्ली एकदा लावून पाहा. त्यांच्या हातची आहे.

जाऊबाईंना आशीर्वाद. मला धरून राहा, एवढंच मागणं.

तुमची वहिनी


११ फेब्रुवारी

ति. वहिनीस सा. न.

किल्ली मिळाली. ती लागत नाही.

बातमी आली त्याच आठवड्यात आम्ही लॅच बदललं. हिला भीती वाटली असं लिहिणार होतो, पण लॅच आणलं मी. दादा चोर आहे असं मला वाटलं नव्हतं. तरी रोज ते हात पडद्यावर बघून, त्याच्याकडे आपली किल्ली आहे हे डोक्यातून जाईना. परत मागायचा धीर नव्हता, म्हणून मागितली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही घरातच होतो. बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं तर दादा. नव्या लॅचबद्दल सांगावं लागलं असतं, म्हणून दार उघडलं नाही. मग त्याने किल्ली घातली. एकदाच. काढून घेतली, लॅचवरून अंगठा फिरवला, पिशवी कडीला अडकवली आणि जिना उतरून गेला.

संत्री आम्ही खाल्ली, वहिनी.

तुमच्या घरी चहा घशाखाली उतरला नसता. आशीर्वाद मागायला तोंड नाही, तुम्हीच ठरवा.

धाकटा


१७ फेब्रुवारी

चि. भाऊजींस आशीर्वाद.

लगेच उत्तर लिहिलं नाही. राग आला होता, खोटं कशाला सांगू. मग पाटीकडे लक्ष गेलं. भिंतीकडे तोंड करून मीच ठेवली आहे. बाजारात कोणी विचारलं की यजमान काय करतात, तर हार्डवेअरचं बघतात असं सांगायचे मी. एकदा यांच्यासमोर सांगितलं. यांनी पिशवी फक्त या हातातून त्या हातात घेतली. तेव्हा मी तुम्हाला काय बोलणार?

तुमच्याकडून आले त्या दिवशी जेवताना म्हणाले होते, “धाकट्याच्या लॅचचा वरचा स्क्रू तिरका गेलाय. एकदा जाऊन नीट करायला हवा.” यांनीच बसवलेलं, तिरका कसा जाईल, असं मनात आलं होतं. विचारलं नाही. त्यानंतर मात्र, धाकट्याने किल्ली मागितली नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी या. पाटी वर लावायची आहे, माझा हात पोचत नाही. येताना नव्या लॅचची किल्ली आणा आणि जुन्या किल्लीचा लाल दोरा सोडून आणा. किल्ली कापायचं मशीन मला चालवता येतं. जुडग्यात एक तरी किल्ली हवी.

चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.

वहिनी