छातीत काही दुखत नाही

२ डिसेंबर
तीन महिन्यांची शुगर ९.२. लॅबची गडबड असणार. डॉ. प्रगती ऐकेना. तळासरीच्या शाळेत माझीच विद्यार्थिनी. पीटीच्या तासाला हिचं हमखास पोट दुखायचं. आता मलाच सांगते, सर, रोज अर्धा तास चाला, हृदयाला बळ येईल. मी म्हटलं, एकतीस वर्षं पीटी शिकवली, छातीत कधी दुखलं नाही. तर म्हणते, डायबेटिसमध्ये नसा बधिर होतात, दुखणं कळतच नाही. आधी स्ट्रेस टेस्ट करा, मग व्यायाम हळूहळू वाढवा.
चालणं म्हाताऱ्यांसाठी. मी धावणार. उद्यापासून, डहाणूच्या किनाऱ्यावर, पाच किलोमीटर. टेस्ट नंतर बघू.

३ डिसेंबर
बूट सापडले नाहीत.

४ डिसेंबर, सकाळी ६.१०
धावलो. सुरूच्या झाडांपर्यंत. दोनशे मीटर असेल. दम लागला. वाळू फार भुसभुशीत. मयुरा मागून चालत आली आणि पुढे निघून गेली. बायकोला तंत्र अजिबात नाही. हात नीट हलवत नाही.

९ डिसेंबर
डांबरी रस्ताच बरा. सरावलीच्या दिशेने निघालो. अर्ध्या वाटेत घाम फुटला, जबडा ठणकायला लागला. दाढ असणार. रिक्षाने परत. डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेतली.

१३ डिसेंबर
दाढ ठणठणीत. डेंटिस्ट म्हणतो, ईसीजी काढून घ्या. हल्ली कुणाला स्वतःचं काम करायला नको. घरी येऊन हसत हसत मयुराला सांगितलं. ती हसली नाही. मला न विचारता प्रगतीला फोन! खूप चिडलो. जेवलो नाही. (नंतर जेवलो.)

१५ डिसेंबर
स्ट्रेस टेस्ट. साडेतीन मिनिटांत ट्रेडमिलचा पट्टा बंद केला. मी ओरडलो, अजून वॉर्म-अपच चाललाय! प्रगतीने कागदावरच्या रेघा बघितल्या. मग म्हणाली, सर, खाली बसा. मैदानावर मी लावायचो, तोच आवाज.
बसलो.

१९ डिसेंबर, वलसाडचं हॉस्पिटल
दोन स्टेंट. एक नस नव्वद टक्के बंद होती. मी विचारलं, दुखलं कसं नाही? डॉक्टर म्हणाले, जबडा दुखला होता ना, तेच ते. मयुरा खिडकीकडे तोंड करून उभी होती.

१२ जानेवारी
व्यायाम म्हणून चालायची परवानगी मिळाली. सपाटीवर, पाच मिनिटं, कुणीतरी सोबत हवं. मयुरा आली. गल्लीच्या टोकाला पोचायच्या आधीच तिला म्हटलं, जरा हळू. ती हळू झाली. माझा दंड धरला, तो मी सोडवून घेतला नाही.
पाच मिनिटं पूर्ण चाललो, असं वर लिहिलं होतं. खोडलं. चार.